दोघांनी मिळून बघायचे अभिजात सिनेमे: निवड कशी करायची?

उत्तररात्र

नवऱ्याने आणि मी ठरवलं आहे की आठवड्यातली एक रात्र जुन्या, ज्यांनी सिनेमाला वळण दिलं अशा सिनेमांसाठी राखून ठेवायची. ठरवणं सोपं होतं, निवड अवघड जाते आहे. म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी कॉलेजपासून फिल्म सोसायटीत बसून बरंच बघितलं आहे. त्यालाही सिनेमा मनापासून आवडतो, पण ओढा रहस्य, पाठलाग, थरार यांकडे. कृष्णधवल फारसं बघितलेलं नाही. नेहमीच्या याद्या चाळून झाल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला 'बायसिकल थीव्ह्ज' अव्वल होता, मग १९६२ ते २००२ सलग 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमानचा 'जान दीलमान'. हा शेवटचा २०१ मिनिटांचा आहे आणि त्यातला बराच वेळ एक बाई घरकाम करताना दिसते. मला तो फार मोठा सिनेमा वाटतो. पण यादीच्या क्रमाने जायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल, आणि ज्याने या वाटेवर अजून पाऊल टाकलेलं नाही त्याला पहिल्याच रात्री तिथे नेणं मला पटत नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. मी दाखवणार आणि तो बघणार, असं व्हायला नको. सिनेमा मी आधी बघितलेला असला की माझं अर्धं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे राहतं. आता हसेल का, आता त्याला ते दिसेल का. आणि त्यालाही ते जाणवतं. दोघांना बरोबरीने बघता येईल अशी निवड कशी करायची? नुसती नावं नकोत, का ते पण लिहा.

जुनी_रीळ

आधी लांबी बघा. दिवसभराच्या कामानंतर तीन तासांचा सिनेमा लावला की एकाचा डोळा लागतो आणि दुसऱ्याला राग येतो. बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) जेमतेम ४५ मिनिटांचा आहे. सिनेमाघरात यंत्र चालवणारा तरुण झोपेत उठून सरळ पडद्यात शिरतो, आणि तो आत उभा असताना मागचं दृश्य बदलत राहतं. बाग, रस्ता, कडा, समुद्र. संगणक नव्हते तेव्हा मोजमाप करून कॅमेरा आणि माणूस अचूक जागी उभा करून हे साधलं आहे. तुमच्या यजमानांना थरार आवडतो, तर यातला मोटारसायकलचा पाठलाग त्यांना नक्की आवडेल.

त्यानंतर 'सिटी लाइट्स' (१९३१). बोलपट १९२७ मध्येच आले होते आणि तरी चॅप्लिनने हट्टाने हा संवादांशिवाय केला. शेवटच्या प्रसंगाबद्दल काही वाचू नका.

'राशोमोन' ८८ मिनिटं, 'ब्रीफ एन्काउंटर' ८६. छोट्यांपासून सुरुवात केली की मोठ्यांची भीती राहत नाही.

गवाक्ष

तुमची काळजी मला नीट कळली, कारण आमच्या घरी हाच प्रश्न उलट बाजूने होता. उपाय सांगतो: सुटे सिनेमे निवडू नका, माळा निवडा. एका सिनेमातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा उगवला अशा माळा. याने होतं काय, तर तुम्ही मूळ बघितलेलं असतं आणि त्याने बहुतेक वेळा त्याचा वंशज बघितलेला असतो. दोघांच्याही हातात काहीतरी असतं, दोघांनाही काहीतरी नवं असतं. प्रभाव म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही, ते समोर घडताना दिसतं.

सगळ्यात सोपी माळ: फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४), मग 'चोरी चोरी' (१९५६), मग 'दिल है के मानता नहीं' (१९९१). घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, तिच्यामागे लागलेला पत्रकार आणि दोघांचा प्रवास. यातला शेवटचा तुमच्या नवऱ्याने बघितला असण्याची शक्यता मोठी आहे. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर मिळवणारा 'इट हॅपन्ड वन नाइट' पहिलाच. एका खोलीत दोन खाटा, मध्ये दोरीवर टाकलेली चादर, एवढ्यावर काप्राने केवढा प्रणय उभा केला आहे ते बघा. पुढच्या कितीतरी सिनेमांतली नायक-नायिकांची ठसकेबाज जुगलबंदी इथून निघाली.

दुसरी माळ मला जास्त प्रिय आहे. डेव्हिड लीनच्या 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये (१९४५) दोन विवाहित माणसं रेल्वे स्टेशनावर भेटतात, प्रेमात पडतात. एका प्रसंगात तो मित्राच्या रिकाम्या घराचा आधार घेतो आणि मित्र अचानक परत येतो. मित्राचं काम दोन-चार मिनिटांचं. बिली वाइल्डरला मात्र प्रश्न पडला, की ज्याचं घर दुसरे लोक अशा कामासाठी वापरतात त्या माणसाचं काय? त्या प्रश्नातून 'द अपार्टमेंट' (१९६०) जन्मला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पुढे 'लाइफ इन अ... मेट्रो'मध्ये (२००७) घराच्या किल्ल्या वाटणारा तरुण दिसतो तो तिथलाच. एका दुय्यम पात्राकडे एका दिग्दर्शकाची नजर गेली आणि साठ वर्षांची वंशावळ तयार झाली. हे दोघांनी मिळून शोधण्यात जी मजा आहे ती यादीत नाही.

एक सूचना: 'द अपार्टमेंट' विनोदी म्हणून ओळखला जातो, पण त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे. कोणाला त्याचा त्रास होणार असेल तर आधी सांगून ठेवावं.

तिसरी माळ दोघांनाही नवी असेल कदाचित. डग्लस सर्कचा 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५): विधवा बाई आणि तिच्याहून तरुण माळी. गावात कुजबुज, मुलांचा विरोध. तिने त्याला सोडावं म्हणून अडून बसलेली मुलं शेवटी तिला सोबत म्हणून टीव्ही आणून देतात, आणि त्या बंद काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसतो. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने १९७४ मध्ये 'अली: फिअर ईट्स द सोल' केला तेव्हा साफसफाई करणारी उतारवयाची बाई आणि मोरोक्कोहून आलेला कामगार घेतला. तिथे लग्नाची बातमी ऐकून मुलगा लाथ घालून टीव्ही फोडतो. दोन्ही एकापाठोपाठ बघितले की हा टीव्ही कुठून आला आणि का फुटला हे तुम्हालाच दिसेल. त्यापुढे टॉड हेन्सचा 'फार फ्रॉम हेवन' (२००२) आहेच.

पडवी

+१. वाचनखूण साठवली. माळांची कल्पना फार आवडली.

मुक्तछंद

गवाक्ष यांच्याशी अर्धी सहमत. माळ लावली की डोळे साम्य शोधू लागतात, हे तिथून उचललं आणि ते इथून आलं. त्यात समोरचा सिनेमा हातातून निसटतो. मूळ सिनेमाला स्वतःची एक रात्र द्या, त्याचा वंशज निदान काही आठवड्यांनी बघा.

आणि दोघांनी बघायचे आहेत तर नवरा-बायकोच्या नात्याकडे थेट बघणारे सिनेमे मी टाळणार नाही. 'संत तुकाराम' (१९३६) घ्या. दामले-फत्तेलालांचा प्रभातचा हा सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, म्हणून आपण त्याला अभिजात म्हणतो आणि भक्तिपट म्हणून कपाटात ठेवून देतो. तो पुन्हा बघा आणि या वेळी लक्ष आवलीवर ठेवा. विष्णुपंत पागनीस अभंगात रमलेले, आणि गौरीने उभी केलेली ती बाई मुलं, म्हैस, रिकामी घागर यांच्यात. मुलगा आजारी पडल्यावर ती वहाण हातात घेऊन देवळात शिरते. तिचं त्या माणसावर प्रेम आहे आणि त्याच्या देवावर राग आहे, दोन्ही एकाच वेळी, पूर्ण खरं. तो वैकुंठाला जातो आणि ती मागे राहते. संसारात एकाच्या ध्यासाची किंमत कोण मोजतं, यावर इतका प्रामाणिक सिनेमा त्या काळात जगात कुठे झाला असेल तर मला तो बघायचा आहे.

'अपुर संसार' (१९५९). सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर, दोघांचाही पहिला सिनेमा. लग्न अपघाताने झालेलं, खोली दरिद्री, आणि तरीही त्या थोड्याशा मिनिटांत सत्यजित राय यांनी दाखवलेलं सहजीवन मला इतर कुठल्याही प्रेमकथेपेक्षा खरं वाटतं. सिगारेटच्या पाकिटात तिने लिहून ठेवलेली चिठ्ठी बघा. एकही शब्द बोलला जात नाही आणि दोघांचं नातं कळतं.

रोझेलिनीचा 'जर्नी टू इटली' (१९५४) पण घ्या. लग्न कोरडं पडलेलं जोडपं परक्या देशात एकमेकांना टाळत फिरतं. पॉम्पेईत उत्खननात एका स्त्री-पुरुषाच्या देहांचे साचे त्यांच्यासमोर मातीतून वर येतात, आणि बायकोला ते बघवत नाही. गोष्ट म्हणावी असं फारसं काही घडत नाही. फ्रान्सच्या नवप्रवाहातल्या तरुण दिग्दर्शकांनी यावरूनच धीर घेतला, की दोन माणसं, एक मोटार आणि त्यांच्यातलं अवघडलेपण एवढ्यावर सिनेमा उभा राहतो. यात बायको झालेली इन्ग्रिड बर्गमन आणि रोझेलिनी तेव्हा स्वतः एकमेकांशी विवाहित होते, हे लक्षात ठेवून बघितलं तर छातीत कळ येते. घरात भांडण ताजं असेल त्या रात्री मात्र लावू नका.

उत्तररात्र

सगळ्यांचे आभार. गवाक्ष, 'दिल है के मानता नहीं' त्याला जवळजवळ पाठ आहे, तुमचा अंदाज बरोबर. मुक्तछंद, 'संत तुकाराम' मी आवलीच्या बाजूने कधी बघितलाच नव्हता, आता बघणार.

दोन प्रश्न. रहस्यप्रेमी माणसासाठी असं काही, जे मलाही त्याच्याइतकंच धरून ठेवेल? आणि सिनेमा संपल्यावर लगेच बोलावं की थांबावं?

रिकामी_खुर्ची

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, पण जरा सविस्तर लिहितो. हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४).

पाय मोडून घरात अडकलेला छायाचित्रकार खिडकीतून समोरच्या इमारतीत बघत बसतो आणि त्याला संशय येतो की एका माणसाने बायकोचा खून केला. रहस्य एवढंच. जवळजवळ अख्खा सिनेमा त्या एका खोलीतून बघितलेला आहे आणि समोरची सगळी इमारत स्टुडिओत बांधलेली. तुमच्या नवऱ्याला एवढं पुरेल.

पण आता दुसऱ्या बाजूने बघा. त्याची प्रेयसी लिसा, म्हणजे ग्रेस केली, लग्न करू म्हणते आणि तो टाळतो आहे. आणि समोरच्या प्रत्येक खिडकीत लग्नाचं किंवा लग्न न होण्याचं एकेक रूप आहे. पडदा ओढून घेतलेलं नवं जोडपं. एकटी बाई, जी रिकाम्या खुर्चीसमोर दोघांसाठी टेबल मांडते (माझं नाव तिथूनच घेतलं आहे). कुत्र्यावर जीव लावलेलं मध्यमवयीन जोडपं. आणि आजारी बायकोच्या किरकिरीला कंटाळलेला तो संशयित. नायक बघतो आहे तो खून, आणि आपल्याला दिसते आहे ती त्याच्या मनातली लग्नाची भीती, खिडकी-खिडकीत वाटून ठेवलेली.

लिसा धाडस करून त्या घरात शिरते आणि मेलेल्या बाईची लग्नाची अंगठी स्वतःच्या बोटात घालून, हात पाठीमागे धरून, खिडकीतल्या नायकाला दाखवते. ती पुरावा दाखवते आहे. पण ज्या माणसाने तिला अंगठी दिली नाही त्यालाच ती अंगठी दाखवते आहे. आणि त्याच क्षणी खुनी तिच्या बोटाकडे बघतो, मग वर, थेट आपल्याकडे. रहस्य आणि प्रेमकथा एका चित्रात आणून मिळवणं यालाच मी दिग्दर्शन म्हणतो. रहस्य बघणारा आणि नातं बघणारा, दोघंही त्या क्षणी एकाच वेळी श्वास रोखतात. तुम्ही आधी बघितलेला असला तरी बिघडत नाही, कारण दुसऱ्यांदा बघताना आजूबाजूच्या खिडक्याच बघायच्या असतात.

फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१) आणि वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) त्यापुढचे.

संकलक

एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. जुना सिनेमा निवडताना नावाबरोबर प्रतही निवडा. खराब, फिकट, कापलेली प्रत बघून कितीतरी लोक जुन्या सिनेमाला कायमचे रामराम करतात.

झां व्हिगोचा 'लातालांत' (१९३४) हा नव्याने लग्न झालेल्या जोडप्याचा मालवाहू होडीवरचा सिनेमा. वितरकांनी तो कापला, त्यात एक लोकप्रिय गाणं घुसवलं, नावही बदललं. त्याच वर्षी व्हिगो २९ व्या वर्षी क्षयाने गेला. नंतर जुळवलेल्या प्रतीत नवरा पाण्यात उडी मारतो आणि त्याला पाण्याखाली बायको दिसते तो प्रसंग बघा. दोघांनी बघायच्या यादीत हा वरचा. 'मेट्रोपोलिस'चाही (१९२७) बराचसा हरवलेला भाग २००८ मध्ये ब्वेनोस आइरेसला सापडला, म्हणून २०१० नंतरची प्रत घ्या. मुक्तछंद यांनी सांगितलेला 'अपुर संसार' ज्या अपूत्रयीतला (राय यांचे अपूवरचे तीन सिनेमे) शेवटचा, तिची गोष्ट तर अंगावर येते. अपूत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत माणसांनी जळक्या रिळांच्या कडा हाताने दुरुस्त केल्या, आणि २०१५ मध्ये नवी प्रत आली. ती बघितल्याशिवाय बघितला म्हणू नका.

उपशीर्षकं आधी दोन मिनिटं तपासून घ्या. आणि खोलीत अंधार करा. कृष्णधवल सिनेमात छायेचं काम असतं, दिवा चालू असला तर अर्धं चित्र दिसतच नाही.

निळी_शाई

मी वेगळी वाट सुचवते. जोडप्यांबद्दलचे सिनेमे झाले, जोडप्यांनी केलेले का नाहीत? शहराचं जगणं टिपणाऱ्या व्हेर्तोवच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'चं (१९२९) संकलन त्याची बायको येलिझावेता स्विलोवा हिने केलं, आणि ती सिनेमात टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या लावताना दिसते. चालणारं शहर थांबतं, चौकट गोठते, आणि कळतं की हे सगळं तिच्या हातात आहे. फेलिनीचा 'ला स्ट्राडा' (१९५४) त्याची बायको जुलिएत्ता मासिना हिच्या चेहऱ्यावर उभा आहे. जॉन कॅसाव्हेटिसने 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) स्वतःचं घर गहाण टाकून केला, बायको जीना रोलंड्ससाठी. तिचं त्यातलं काम बघून मी रात्रभर जागी होते. तो दोघांनी बघावा, पण त्यासाठी मन मजबूत हवं.

आन्येस वार्दा आणि जाक देमी ही जोडी मला सगळ्यात आवडते, कारण दोघांनी आपापले सिनेमे केले आणि ते एकमेकांसारखे अजिबात नाहीत. तिचा 'क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन' (१९६२), त्याचा 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर' (१९६४), ज्यातला प्रत्येक संवाद गायलेला आहे. एका आठवड्यात एकीचा, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याचा.

जुनी_रीळ

बोलण्याबद्दल: ज्याने सिनेमा पहिल्यांदा बघितला त्याने आधी बोलावं. ज्याने आधी बघितला आहे त्याने, समोरच्याने विचारेपर्यंत, गप्प बसावं. आमच्याकडे हाच नियम आहे आणि तो मोडत नाही. दिग्दर्शक कोण होता, तो का महत्त्वाचा, हे सगळं दुसऱ्या दिवशी. मध्येच थांबवून समजावणं तर अजिबात नको.

शिवाय निवड आळीपाळीने करा, आणि प्रत्येकाला कारण न देता नाही म्हणण्याचा हक्क ठेवा.

मुक्तछंद

जुनी_रीळ, सहमत. इन्ग्मार बर्गमनचा 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' (१९७३) राहिला होता. तो मुळात टीव्हीसाठी सहा भागांत केलेला आहे. चित्रपटगृहासाठीची पावणेतीन तासांची आवृत्ती न घेता भाग-भागाने बघा. प्रत्येक भागानंतर विचार करायला वेळ मिळतो, आणि तो लागतोच.

पडवी

एक विचारू का? 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) कुठल्या माळेत बसेल? आम्हा दोघांना तो बघायचा आहे, आधी काय बघावं?

गवाक्ष

पडवी, वंशावळ म्हणून कुणाच्या मागे बसवणार नाही, पण 'ब्रीफ एन्काउंटर'च्या शेजारी ठेवेन. दोन्हीकडे प्रेम आहे आणि ते पूर्ण करायचं नाही असं ठरवलेली दोन सभ्य माणसं आहेत. लीनच्या सिनेमात बाई मनातल्या मनात सगळं सांगत राहते, राखमानिनोव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो तिच्या मागे वाजत राहतो, तिचा नवरा समोर बसलेला आपल्याला दिसतो. वाँग कार-वाईच्या सिनेमात कोणी मनातलं बोलतच नाही. दोघांचे जोडीदार एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्या जोडीदारांचे चेहरे शेवटपर्यंत दाखवलेले नाहीत. फक्त पाठ, आवाज, दाराची फट. मग हे दोघं, त्या दोघांचं कसं सुरू झालं असेल याची तालीम करून बघतात. यातल्या नायकाला, टोनी ल्युंगला, यासाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला. तालमीचा प्रसंग पहिल्यांदा आला की क्षणभर कळत नाही हे खरं बोलताहेत की सोंग. तिथे थांबवू नका, पुढे जाऊ द्या.

आधी लीन बघा, निदान एक आठवडा जाऊ द्या, मग हा. संवाद कमी आणि जिना, गल्ली, पाऊस, तिचे बदलत जाणारे पोशाख जास्त, त्यामुळे उपशीर्षकांपेक्षा चित्राकडे डोळे ठेवा. कपडे बदलले म्हणजे दिवस बदलला, एवढी एक गोष्ट धरून बसलात तर गोष्ट हरवणार नाही.